वैशाखातली नागली

कादंबरीच्या एकेचाळिसाव्या पानावर, ऐन वैशाखात, नागलीला कणसं आली होती.

जयवंतीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. 'वैशाखाच्या वणव्यात टेकडीवरची नागली कणसांच्या ओझ्यानं माना टाकून उभी होती, आणि तशीच उभी होती रुपी.' वैशाखात टेकडीवर भाजलेल्या राबाची काळी राख असते, दुसरं काही नसतं. नागलीचं रोप पाऊस धरल्यावर लागतं आणि कणीस भरतं ते भादव्यात, गणपती गेल्यावर. तिनं पेन्सिल घेतली आणि समासात एक बारीक ठिपका दिला. फुली नाही, ठिपका. वाळवलेल्या नमुन्याच्या पानावर कधी लिहू नये, बाजूच्या कागदावर लिहावं, ही सवय तिला एम.एस्सी.पासून होती.

"झालं का मॅडम?"

मराठीचे कमलेश सर प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. कादंबरी त्यांचीच होती. आत येताना ते नेहमीसारखे गॅसच्या नळीला वळसा घालून आले, जणू ती चावेल.

"वाचतेय, सर."

"दिवाळीपासून वाचताय. आता शिमगा आला."

"हे वैशाखात नागली…"

सरांनी वाकून पाहिलं आणि समजूतदारपणे हसले. "अहो, ते प्रतीक आहे."

"प्रतीकालासुद्धा भादवाच लागतो ना?"

"तुम्ही सायन्सवाले." ते स्टुलावर बसले. "अभिप्राय दोन पानांचा पुरे. 'स्त्रीवादी दृष्टिकोनातून ही कादंबरी' असं काहीतरी. अभ्यास मंडळाकडे पुस्तक जायचंय. आपल्या जव्हारचं पुस्तक टीवायला लागेल. तुम्हाला नाही वाटत अभिमान?"

"वाटतो की."

"मग?"

"बघते," जयवंती म्हणाली.

हे 'बघते' ती गेले चार महिने म्हणत होती. खरं तर तिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. पण प्रत्येक कॉलेजात महिला कक्ष असला पाहिजे असं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली, आणि तिथं बाई एकच होती. तेव्हापासून ज्या ज्या गोष्टीच्या आधी 'स्त्री' किंवा 'महिला' लागतं ती गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर येऊन पडायची. महिला दिनाची रांगोळी तिची, मुलींच्या संडासाची कडी तिची, पाहुण्यांना द्यायचे गुच्छ तिचे. कुठल्याही कार्यक्रमात शेवटचं आभारप्रदर्शन तिचं, कारण बाईच्या तोंडी आभार शोभतात. आता मराठी विभागानं 'स्त्रीवादी समीक्षा : साहित्य आणि समाज' या विषयावर चर्चासत्र ठेवलं होतं, आणि सरांच्या कादंबरीवरचा अभिप्रायही तिच्याकडूनच हवा होता. आमचा विषय वेगळा, असं ती म्हणाली होती. त्यावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, बाईच्या दृष्टिकोनाला विषय कशाला लागतो?"

पण न वाचता सही करणं तिला जमायचं नाही. तिनं नाशिकच्या लायब्ररीतून चार पुस्तकं मागवली आणि रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर ती वाचली. बरीचशी अवघड होती. काही ठिकाणी एकच गोष्ट पाच शब्दांत सांगायची ती पन्नासांत सांगितलेली होती. तरी एक गोष्ट तिला पटली. प्रयोगवहीत पेशीचं चित्र काढलं की खाली लिहावं लागतं, कशाखालून पाहिलं आणि किती पट मोठं केलं. ते लिहिलं नाही तर चित्र कितीही सुंदर असो, गुण कापले जातात. गोष्टीतल्या बायकांच्या चित्राखाली हे कुणी लिहीत नाही. कोण पाहतंय, कुठून पाहतंय, काय मोठं केलंय आणि काय भिंगाबाहेर राहिलंय, ते विचारायचं. एवढंच त्या चारही पुस्तकांचं म्हणणं आहे, असं तिनं स्वतःपुरतं ठरवलं होतं. आणि मग ती सरांची कादंबरी घेऊन बसली, आणि समासात ठिपके वाढत गेले.

कारण रुपी बोलतच नव्हती. नवऱ्याशिवाय नांदणारी, भुकेली, सोशिक, मातीसारखी रुपी. ती पहाटे झऱ्यावर जायची, रात्री चुलीत बघत बसायची. तिला कुणी काही विचारलं की 'रुपीचे डोळे बोलले'. अख्ख्या पुस्तकात तिचे डोळे बोलत होते, तोंड एकदाही नाही.

यातली अडचण अशी की कमलेश सर वाईट माणूस नव्हते. पाड्यांवर मुलं दगावली त्या पावसाळ्यात सर खांद्यावर तांदळाची गोणी टाकून खोडाळ्याच्या पलीकडेपर्यंत चालत गेले होते, तेव्हा सायन्सचे शिक्षक स्टाफरूममध्ये पेपर वाचत होते. जयवंतीला कायम करायची वेळ आली आणि कुणीतरी बाळंतपणाच्या रजेचा मुद्दा काढला, तेव्हा भर सभेत उठून भांडले होते तेही कमलेश सरच. त्यांच्या लिहिण्यात कळवळा खरा होता. त्या कळवळ्यावरच कुठे ठिपका द्यावा ते तिला समजत नव्हतं.

सर गेले आणि पाठोपाठ दारात चंदना दिसली. एसवायची मुलगी, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तिची आई नवशी त्याच वसतिगृहात स्वयंपाकीण होती. मुलगी हुशार होती, आणि आज तिच्या हातात तीन कागद होते.

"मॅडम, येऊ?"

"ये."

"मला चर्चासत्रात निबंध वाचायचाय. 'रुपी : शोषित स्त्रीचं प्रतीक'."

"लिहिलास का?"

"सरांनी लिहून दिलाय. मी फक्त वाचायचा. म्हणाले, विद्यार्थिनीचा आवाज पाहिजे."

जयवंतीनं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छ होता.

"सगळ्या वसतिगृहाला माहितीय मॅडम, रुपी म्हणजे कोण ते." चंदना कागदांकडे बघून बोलत होती. "अर्ध्या करंगळीची, हातावर मोर गोंदलेली. दुसरी कोण आहे तशी? पोरी मला रुपीची पोर म्हणतात. पुस्तकात त्या पोरीला नावच नाही. 'बिनबापाचं पोर', असंच सगळीकडे. माझा बाप घरी आहे मॅडम. परवा बकरी सोडवायला गेला आणि पडला, पाय सुजलाय त्याचा."

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, ते तू नाहीस, ती कला आहे." ती थांबली. "पुढल्या वर्षी हे पुस्तक आम्हाला लागलं तर मी टीवायला येणार नाय. सातपूरला माझी मावसबहीण कंपनीत आहे, ती लावून देईल. वर्गात बसून आईवर दहा मार्कांचा प्रश्न सोडवायचा का मी?"

"आईला माहितीय?"

"तिला कुठं वाचता येतं. तुम्ही अभिप्राय देणार म्हणून आले. द्याल तसं लागेल ना ते?"

"तसं काही नाही," जयवंती म्हणाली, आणि मग, "बघते."

चंदनानं मान हलवली. 'बघते'चा अर्थ काय होतो ते या डोंगरातल्या मुलांना पहिलीपासून माहीत असतं. तलाठी म्हणतो, डॉक्टर म्हणतो, आता मॅडम म्हणाल्या.

*

संध्याकाळी जयवंती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली. धुरात नवशी नागलीच्या भाकरी थापत होती. दोघी एकाच गावच्या, साखरशेतच्या. नवशी तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. लहानपणी जयवंतीच्या केसांतल्या उवा तिनं काढल्या होत्या, त्यामुळे जयवंती प्राध्यापक झाली याचा तिच्यावर काही परिणाम झालेला नव्हता.

"ये बाय. बस, पण तिथं नको, तिथं वाटण सांडलां."

जयवंती पाटावर बसली. "नवशीबाय, कमलेश सर आले होते का गं तुझ्याकडे? मागे कधी?"

"आलं होतां ना. लय सालां झाली. हेच चुलीपाशी बसून इचारीत होतां, तू काय खातेस, तुझा घोव कुठं, लगीन झालां का. मी सांगलां सगळां. चांगला माणूस. जाताना साखर दिलीन."

"त्यांनी पुस्तक लिहिलंय."

"ठावा हाय. पोरी हसतात. मी मेली म्हणं त्यात."

"हो."

"कशानं?"

"दाभोशाच्या धबधब्यात उडी टाकलीस."

नवशीनं भाकर उलटली, कडा फुगते का पाहिलं. "दाभोशाला? एवढ्या लांब कोण जाल मराया? जीपवाला सीटा भरल्याबिगर हलत नाय. तवर राग निवून जाल माझा."

जयवंतीला हसू आलं, ते तिनं आवरलं नाही. नवशीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात काहीतरी आलं. हात पिठानं भरलेले, तसेच तिनं गुडघ्यावर टेकले.

"आगं, सांगायचां र्‍हायलां. माझ्या लगनाला येजो."

"कधी?"

"वैशाखात आखाती झाली का. पुतण्याचा मांडव पडंल, त्यातच आमचां उरकून घेऊ. सखा म्हणतो, पोरगी मोठी झाली, उद्या तिचां ठरलां तर? आईबापाचां झाल्याबिगर तिचां कसां व्हायाचां?"

ही रीत जयवंतीला समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्याकडे माणसं एकत्र राहायला लागायची, पोरंबाळं व्हायची, आणि लग्न जमेल तेव्हा व्हायचं. कधी वर्षानं, कधी वीस वर्षांनी. तोवर कुणी कुणाला नावं ठेवायचं नाही. फक्त लेकराच्या लग्नाआधी आईबापाचं व्हायला हवं, आणि जिचं लग्न लागलेलं नाही तिला दुसऱ्याच्या लग्नात सवाशीण म्हणून भिंतीवर पिठानं चौक लिहिता यायचा नाही, एवढंच.

"इतकी वर्षं का राहिलं गं तुझं?" जयवंतीनं विचारलं, आणि विचारताना तिला वाटलं, हा प्रश्न आपण आपला विचारतोय की चार पुस्तकांचा?

"र्‍हायलां." नवशीनं पुढचा गोळा घेतला. "एक साल सासरा मेला. एक साल घर पडलां, ते बांधलां. मंग पोटुशी होती. मंग सखा म्हणं पुढल्या साली. पुढल्या साली मी म्हणं पुढल्या साली. तो कुठं पळत होता? तुझ्या आईचां नाय का तसांच? तू नाचलीस ना आईच्या लगनात. पाय थांबत नव्हता तुझा. मी बी होती, तुझ्या भावाला कमरेवर घेऊन."

जयवंतीनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"चौक लिहाया सवाशीण कमी पडते बघ. तू ये. तुझां तर पत्रिका छापून लगीन झालेलां."

"मला कुठं येतो चौक?"

"फळ्यावर काढतेस ना पानाफुलां? तीच भितीवर काढ. येशील का नाय?"

"बघते," जयवंती म्हणाली.

"बघते, बघते," नवशी म्हणाली. "तवर मी मरंन धबधब्यात."

*

उमेश, तिचा नवरा, तहसील कचेरीत होता. जेवताना तिनं त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या, आणि दोन्हीचा निकाल त्यानं आमटी संपायच्या आत लावला.

"अभिप्राय देऊन टाक. दोन ओळींनी कुणाचं काय बिघडतं? माणसानं तुला नोकरीत मदत केलीय."

"आणि चंदना?"

"तिला समजाव. पुस्तकातलं असतं ते. आणि चौकाबिकाला जाऊ नकोस, प्राध्यापक बाई भिंतीशी बसून पिठानं हात भरतेय, बरं दिसतं का?" मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "आणि एक. तुझ्या आईबापाच्या लग्नाचं कुठं बोलत जाऊ नकोस. एकदा स्टाफमध्ये गेलं की आपल्या तुषारच्या लग्नापर्यंत पुरवतील."

हे तो पूर्वीही म्हणाला होता. तो वाईट हेतूनं म्हणत नसे. त्याच्या आईबापांचं लग्नही त्याच्या मोठ्या बहिणीच्या जन्मानंतरच झालं होतं, आणि ते त्यानं जयवंतीलाही लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं.

स्टाफरूममध्ये ती विषय बदलण्यात तरबेज झाली होती. दर वर्षी उन्हाळ्यात सामुदायिक विवाहाची बातमी यायची, मुंडावळ्या बांधलेल्या जोडप्यांच्या मांडीवर त्यांचीच पोरं, असा फोटो यायचा. मग कुणीतरी पेपर पसरून म्हणायचं, "बघा, पोरं आधी आणि अक्षता नंतर." दुसरा म्हणायचा, "अज्ञान हो, अज्ञान. बायकांचं शोषण." कुणी सभ्यपणे तिला विचारायचं, "मॅडम, तुमच्याकडे अजून आहे का हो हे?" आणि जयवंती म्हणायची, "तास आहे माझा." तास असो वा नसो, ती उठून प्रयोगशाळेत जायची आणि धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायची.

ताटं उचलून ती ओट्याशी उभी राहिली. तिला तो मांडव दिसत होता. ती तिसरीत होती. शाळेतून आली तर आई अंगभर हळद लावून बसलेली, शेजारी बाप, दोघंही लाजून एकमेकांकडे न बघणारे, जणू काल रात्री एका चुलीवरचं जेवले नव्हते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी म्हातारी, भिंतीवरच्या चौकासमोर बसून खणखणीत आवाजात गात होती; भटजीचं काम तिकडे बाईकडेच. बायकांनी उरलेली हळद जयवंतीला फासली, भावाला फासली. मग तारपा वाजायला लागला आणि ती नाचायला लागली. आई घाबरी होऊन हाक मारत होती, हळदीच्या अंगानं तिला उठता येत नव्हतं आणि हसू आवरत नव्हतं. आईला इतकं हसताना जयवंतीनं नंतर कधी पाहिलं नाही.

यात शोषण कुठे होतं? आईच्या आयुष्यात ते पुष्कळ होतं. जंगलवाल्यांनी कोयता हिसकावून घेतला तेव्हा होतं, ठेकेदारानं मजुरी बुडवली तेव्हा होतं, बाप पिऊन यायचा तेव्हाही होतं. त्याबद्दल कुणी आईला विचारलं असतं तर तिनं तोंडानं सांगितलं असतं, डोळ्यांनी नाही. नेमकं त्या दिवशी मात्र नव्हतं. आणि सगळ्या जगाची बोटं त्या दिवसाकडे.

*

चर्चासत्राला पाहुण्या म्हणून पुण्याहून एक नामवंत समीक्षक बाई आल्या होत्या. घाटाच्या वळणांनी त्यांना दोनदा गाडी थांबवावी लागली होती. तरी व्यासपीठावर चढल्या तेव्हा ताठ उभ्या राहिल्या, आणि बोलू लागल्यावर जयवंतीनं कौतुकानं मान वर केली. शब्दांत पाल्हाळ नव्हता. साहित्यातली बाई कुणाच्या नजरेनं दिसते ते विचारा, त्या म्हणाल्या. ती देवी असते किंवा बळी असते, मधलं माणूस का नसतं ते विचारा. ती कितव्या पानावर मरते, आणि तिच्या मरणानं कुणाचं मन मोठं होतं, तेही विचारा. हे प्रश्न पुस्तकाला विचारता तसेच घराला विचारा, गावाला विचारा, कॉलेजलाही विचारा. त्याशिवाय समीक्षा म्हणजे नुसती पाठ केलेली उत्तरं.

आपण चार महिने समासात ठिपके देत होतो, त्याच गोष्टी या बाई सरळ बोलताहेत, असं जयवंतीला वाटलं.

मग पाहुण्या म्हणाल्या, "आता तुमच्या सरांची कादंबरी. येताना गाडीत मी ती चाळली. मला सगळ्यात भावलं ते हे, की रुपी लग्न करत नाही. विवाहसंस्थेला तिनं दिलेला हा ठाम नकार आहे. जे शहरातल्या सुशिक्षित स्त्रीला जमत नाही ते या निरक्षर बाईनं करून दाखवलंय."

टाळ्या पडल्या. कमलेश सरांनी नम्रपणे मान झुकवली. त्यांच्या पुस्तकात त्याच गोष्टीला 'तिच्या कपाळीचं पाप' म्हटलं होतं, पण नकारही त्यांना चालण्यासारखा होता.

जयवंतीनं मागे पाहिलं. सभागृहाच्या मागच्या दारात नवशी चहाची किटली घेऊन उभी होती. आखातीनंतर तिचं लग्न होतं, आणि इथे तिनं लग्नाला ठाम नकार दिला म्हणून टाळ्या पडत होत्या. ती ऐकत नव्हती. कप पुरतील का, ते बोटांनी मोजत होती.

एकानं पाप म्हणायचं, दुसरीनं बंड म्हणायचं. घर पडलं होतं आणि ते आधी बांधलं, हे कुणाच्याच भिंगाखाली येत नव्हतं. चांगला प्रश्न विचारणारी बाईसुद्धा उत्तर मात्र गाडीतून घेऊन आली होती. जयवंतीला राग आला. तो इतका साधा आणि जुना होता की तिला त्याचं नवल वाटलं नाही, एवढी वर्षं तो परीक्षानळ्यांत कसा मावला याचं वाटलं.

"आता आमची विद्यार्थिनी चंदना आपले विचार मांडेल," सर माइकवर म्हणाले. "आदिवासी मुलगी आज स्वतःच्या आवाजात बोलते आहे, हेच या चर्चासत्राचं यश."

चंदना वर गेली. कागद उलगडले. पहिला परिच्छेद तिनं पाढे म्हणावेत तसा वाचला. दुसऱ्यात तिचा वेग कमी झाला. "रुपीच्या कुशीत वाढणारं ते…" ती थांबली. तिनं पुन्हा सुरुवात केली. "रुपीच्या कुशीत वाढणारं ते बिन…"

सभागृहात कुणीतरी मुलगी फिसकन हसली. दुसरी हसली. मागच्या दारात किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"वाच वाच, घाबरू नकोस," सर प्रेमानं म्हणाले.

चंदनानं वर पाहिलं, सरांकडे नाही. तिला समोर कुणाला शोधायचं ते माहीत होतं, आणि तिच्या नजरेत आशा नव्हती. 'बघते' म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती.

जयवंती उठली. आभारप्रदर्शनाला अजून वेळ होता, कार्यक्रमपत्रिकेत ती सर्वांत खाली होती. खुर्च्यांच्या मधून जाताना तिचा पदर कुणाच्या तरी खुर्चीला अडकला, तो सोडवून ती वर गेली. तिनं चंदनाच्या हातातले कागद घेतले, घडी घातली आणि टेबलावर ठेवले.

"तू बस," ती म्हणाली. चंदना खाली उतरली नाही. तिथेच, एक पाऊल मागे उभी राहिली.

"मॅडम आभार मानतील," सर गोंधळून म्हणाले. मग सावरले. "किंवा अभिप्रायच वाचून दाखवतील बहुतेक. आम्ही दिवाळीपासून वाट बघतोय." लोक थोडे हसले.

माइक कमलेश सरांच्या उंचीचा होता. जयवंतीनं तो खाली केला. त्याचा स्क्रू गंजलेला होता, त्याला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात सभागृह आपोआप गप्प झालं.

"सर, तुमचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी विसरलेले नाही," ती म्हणाली. तास घेताना असायचा तसाच तिचा आवाज होता. "पण हा अभिप्राय मी देणार नाही. हे पुस्तक माझ्या सहीनं वर्गात जाणार नाही."

सरांनी टेबलावरचे घडी घातलेले कागद जवळ ओढले. मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, हे आपण आत बोलू."

"आतच बोलत आलो, सर."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. उमेश कचेरीतून मुद्दाम आला होता, तिसऱ्या रांगेत बसलेला. त्यानं मान खाली घातली, कारण पुढचं वाक्य त्याला कळलं होतं. पाहुण्या मात्र पुढे झुकल्या. त्यांच्या डोळ्यांत खरं कुतूहल होतं.

"का, मॅडम?" त्यांनी विचारलं. "तुमचा आक्षेप नेमका कशाला आहे?"

जयवंतीनं मागच्या दाराकडे पाहिलं. नवशी किटली तिथेच सोडून दोन पावलं आत आली होती, अर्ध्या करंगळीचा हात कमरेवर ठेवून. आता या मुलीचं आणि तिच्या आईचं काहीएक सांगायचं नाही, एवढं जयवंतीनं वर येतानाच ठरवलं होतं. ते त्यांचं होतं. तिच्याजवळ तिचं स्वतःचं होतं.

"आक्षेप नंतर सांगते," ती म्हणाली. "आधी एक सांगायचं राहिलंय. इथे वीस वर्षं आहे, पण राहूनच गेलं. माझ्या आईवडलांचं लग्न लागलं तेव्हा मी तिसरीत होते, आणि त्या लग्नात मी नाचले होते."